अनुभव धागा: मॅरिनर्सचा 2025 चा हंगाम आणि सातव्या इनिंगमधला तो निर्णय

मेजर लीग बेसबॉलमध्ये वर्ल्ड सिरीज (अजिंक्यपदाची अंतिम मालिका) कधीच न खेळलेला एकच संघ आहे, तो म्हणजे सिएटल मॅरिनर्स. 20 ऑक्टोबर 2025 रोजी टोरांटोत, टोरांटो ब्लू जेजविरुद्धच्या उपांत्य मालिकेच्या सातव्या आणि निर्णायक सामन्यात, हा संघ 3-1 असा पुढे होता आणि वर्ल्ड सिरीज गाठायला केवळ आठ बळी हवे होते. तेवढ्यात सातव्या इनिंगमध्ये व्यवस्थापकांनी सर्वोत्तम राखीव पिचर मुन्योसऐवजी बझार्डोला आणले, ब्लू जेजच्या जॉर्ज स्प्रिंगरने तीन धावांचा होम रन मारला आणि सामना 4-3 असा हातचा गेला. पिचिंगवर (चेंडूफेकीवर) उभा राहिलेला हा संघ पिचिंगच्याच एका निर्णयाने घरी परतला, असे माझे मत आहे. आपण हा हंगाम कसा पाहिला, ते सविस्तर लिहावे.

रेडमंडहून

माझ्यासाठी हा हंगाम आमचा पिचर ब्रायन वूचा होता. कर्बी, गिल्बर्ट आणि मिलर या इतर तिघा पिचरांनाही दुखापतींनी आळीपाळीने बाहेर बसवले असताना वू मात्र पहिल्या सलग 25 सामन्यांत किमान सहा इनिंग टाकत राहिला. ऑफिसातून निघताना तो पिचिंग करतो आहे एवढे कळले, की घरी पोहोचेपर्यंत सामना हातात असणार अशी खात्री वाटे. हा पिचर फलंदाजांना फुकटचा वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर मिळणारा पहिला बेस) देत नाही, आणि माझ्या मते वेगापेक्षा हाच त्याचा मोठा गुण आहे. सप्टेंबरमध्ये त्याच्या छातीचा स्नायू दुखावला. तो थेट टोरांटोविरुद्धच्या मालिकेत परतला, तोही बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचर म्हणून, आणि शेवटच्या रात्री ज्या दोन धावपटूंनी घात केला ते त्यानेच बेसवर जाऊ दिले होते. एकाला वॉक दिला होता, हे मला आजही खटकते.

बेलव्ह्यूहून

त्याआधीच्या फेरीतला डेट्रॉइटविरुद्धचा पाचवा सामना मी मैदानात बसून पाहिला. तो 15 इनिंग आणि जवळजवळ पाच तास चालला. डेट्रॉइटचा पिचर तारिक स्कूबलने सहा इनिंगमध्ये आमचे 13 फलंदाज स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले, तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली, ती आमच्या लिओ रिवासने बरोबरी साधली तेव्हाच वर केली. पण मनात राहिले ते वेगळेच. गिल्बर्ट आणि कास्तियो हे दोघेही सुरुवातीचे पिचर, सामन्याच्या आरंभी येण्याची सवय असलेले. त्या रात्री ते बुलपेनमधून, हाडे गारठवणाऱ्या थंडीत, नवव्यानंतरच्या जादा इनिंगसाठी आले आणि कोणीही कुरकुर केली नाही. अखेर आमच्या पोलांकोने विजयी फटका मारला. विजय कास्तियोच्या नावावर लागला.

मिसिसॉगाहून (होय, ब्लू जेजचा समर्थक)

सगळा दोष एका निर्णयावर टाकणे मला पटत नाही. टोरांटोचे फलंदाज त्या हंगामात लीगमध्ये सर्वांत कमी स्ट्राइकआउट होत होते, आणि सिएटलचे पिचिंग तर स्ट्राइकआउटवरच जगते. हे गणित तिसऱ्या सामन्यात 13, चौथ्यात 8 आणि सहाव्यात 6 धावांनी उघडे पडलेच होते. आमच्याकडची गोष्ट सांगतो. पाचव्या सामन्यात वूचाच चेंडू स्प्रिंगरच्या गुडघ्यावर आदळला होता आणि तो लंगडत मैदानाबाहेर गेला, तेव्हा आमच्या घरात वडिलांनी टीव्हीच बंद केला. पुढच्या दोन्ही सामन्यांत तो दुखऱ्या गुडघ्यानिशी खेळला. त्यामुळे तो होम रन बसल्यावर वडील आधी गुडघ्याविषयीच बोलले, धावफलकाकडे त्यांचे लक्ष नंतर गेले.

सॅमामिशहून

वरील मताचा आदर राखून असहमती नोंदवतो. एक बळी, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर धावपटू, समोर स्प्रिंगर. संघाचा सर्वोत्तम रिलीव्हर (राखीव पिचर) आंद्रेस मुन्योस उपलब्ध होता. व्यवस्थापक डॅन विल्सन यांनी एडुआर्ड बझार्डोला बोलावले. शेवटच्या षटकांसाठी बुमराहला राखून ठेवावे आणि सामना सोळाव्या षटकातच निसटावा, असा हा प्रकार झाला. क्लोझर (सामना संपवणारा पिचर) शेवटच्या, नवव्या इनिंगसाठीच असतो, हा समज लीगमध्ये किती मुरलेला आहे! सर्वांत कठीण प्रसंग ज्या क्षणी येईल, त्याच क्षणी तुमचा सर्वोत्तम हात चेंडूवर हवा. बझार्डो वाईट पिचर नाही, वर्षभर त्याने भार वाहिला, आणि म्हणूनच त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. 2022 मध्येही ह्यूस्टनविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये आपली 7-5 अशी आघाडी असताना आपला पिचर रॉबी रेला त्यांच्या अल्वारेझसमोर आणले गेले आणि सामना एका फटक्यात संपला. तेव्हाचे व्यवस्थापक वेगळे होते. त्यामुळे ही एका माणसाची चूक आहे असे मानायला मी तयार नाही.

बॉथेलहून

मी मुलाच्या लिटल लीग संघात मदतनीस आहे. तिथे नऊ-दहा वर्षांच्या मुलाने एका दिवसात 75 हून अधिक चेंडू टाकायचे नाहीत, आणि 66 च्या पुढे गेले तर चार दिवस विश्रांती, असा नियम आहे. हातातल्या यंत्रावर प्रत्येक चेंडूला टिचकी मारत आकडा वाढवायचा, एवढेच माझे काम. आकडा भरला की मूल बाहेर येते आणि पालक वाद घालत नाहीत. विल्सन यांच्यापाशी असा आकडा नव्हता. वूचा दुखावलेला स्नायू, बझार्डोचा थकवा, पुढे उरलेल्या इनिंग, हे सारे त्यांना त्या दोन मिनिटांत तोलायचे होते. तरीही मी मुन्योसलाच बोलावले असते.