मदत हवी आहे: लेक्टिनची साखरेवरची पकड गेली

नमस्कार मंडळी. सोलापुरात एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री करतेय. अख्खा मंगळवार बाजार पालथा घालून आबईच्या बिया मिळवल्या आणि त्यातून लेक्टिन (साखरेला धरून बसणारं प्रथिन) काढलं. हे मॅनोज आणि ग्लुकोज या साखरा ओळखतं. पहिल्या दिवशी लेक्टिन घातल्यावर सशाच्या रक्तपेशी एकमेकींना चिकटून प्लेटच्या तळाशी छान जाळीसारख्या पसरल्या, मॅनोज घातलेल्या खळग्यात मात्र नाही, कारण तिथे लेक्टिन मॅनोजलाच धरून बसतं. इतका आनंद झाला! पण ईडीटीए (धातूचे आयन पकडणारं रसायन) असलेल्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) डायलिसिस केलं, म्हणजे प्रथिन पातळ पडद्याच्या पिशवीत भरून त्यात ठेवलं, आणि सगळ्याच खळग्यांत नुसता लाल ठिपका, म्हणजे पेशी चिकटल्याच नाहीत. लेक्टिनला साखर धरायला कॅल्शियम, मँगनीज लागतं. ते ईडीटीएनेच ओढून नेलं असणार. ईडीटीए काढून दोन्ही क्षार परत घातले तर पकड येईल ना? आधी मँगनीज घालू की एकदमच? फॉस्फेटमध्ये कॅल्शियमचा साका बसतो, म्हणून ट्रिस बफर घेतेय. कुणी केलं असेल तर प्रमाण आणि वेळ सांगा. बिया मूठभरच उरल्यात.