मदत हवी आहे: हिंगोलीतल्या जुन्या छावणीचा नकाशा कुठं मिळेल?

नमस्कार मंडळी, आमच्या घराजवळच्या सरकारी बागेत जॉगिंग ट्रॅकला पेव्हर ब्लॉक टाकायलेत, त्यासाठी खोदताना चुन्यातलं दगडी जोतं लागलंय. कोपऱ्याचे दगड घडीव आहेत अन् सांध्यातला चुना नखानं खरवडला तरी निघत नाही. ठेकेदार म्हणतो मुरूम टाकून दाबून टाकू. इथं हैदराबाद कंटिन्जंटची, म्हणजे निजामाच्या खर्चानं चालणाऱ्या पण इंग्रज अफसरांच्या हाताखालच्या फौजेची छावणी होती, १९०३ ला कंटिन्जंट इंग्रजांच्या फौजेत गेलं, एवढं माहिती आहे. पण हे जोतं बराकीचं, तबेल्याचं की नंतरच्या गोदामाचं हे कळल्याशिवाय कुणी काम थांबवणार नाही, अन् ते बरोबरच आहे म्हणा.

सातबारा बघितला, त्यावर नुसतं सरकार लिहिलंय. १९५४ चं खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद) मिळालं, त्याच्या आधीचं सगळं उर्दूत, अन् आमचा जिल्हाच १९९९ चा, त्यामुळं जो तो परभणीकडं बोट दाखवायलाय. आरटीआय टाकता येईल पण उत्तराला ३० दिवसांची मुदत, तोवर इथं ब्लॉक बसलेले असतील. फोटो मोजपट्टी ठेवून काढलेत. कोर्टकचेरी करायची नाही, बाग बंद पाडायची नाही, जोतं उघडं ठेवून ट्रॅक दोन हात बाजूनं न्यावा एवढंच.

तर छावणीचा इमारतींसकट नकाशा हैदराबादच्या पुराभिलेखागारात असंल का दिल्लीच्या, अन् अर्जात कोणत्या खात्याचं दफ्तर म्हणून मागायचं?