रिझर्व्ह बँकेच्या संचालक मंडळात मत नेमकं कुणाला?

आकडेमोड: परीक्षेसाठी रिझर्व्ह बँक कायदा, 1934 चं कलम 8 वाचतोय. केंद्रीय संचालक मंडळात गव्हर्नर, जास्तीत जास्त चार डेप्युटी गव्हर्नर, बँकेच्या चार विभागांच्या स्थानिक मंडळांतून प्रत्येकी एक, सरकारने नेमलेले दहा संचालक आणि दोन सरकारी अधिकारी, म्हणजे 21. मग बहुमत सरकारचंच की! मंडळ ठराव करून रेपो दर (रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो) खाली आणू शकतं का? आणि गव्हर्नरची मुदत कुठे पाच वर्षं लिहिलीय, कुठे तीन. खरं काय?

फोर्टकर: 21 या खुर्च्या झाल्या, मतं नव्हेत. कलम 8(3) बघा. डेप्युटी गव्हर्नर आणि सरकारी अधिकारी चर्चेत भाग घेतात, पण त्यांना मत नाही. गव्हर्नर 1, स्थानिक मंडळांचे 4 आणि इतर 10, अशी मतं जास्तीत जास्त 15. गव्हर्नर येऊ शकले नाहीत, तर त्यांनी लेखी अधिकार दिलेला डेप्युटी गव्हर्नर त्यांच्या वतीने मत देतो. समसमान झाली तर अध्यक्षाचं निर्णायक मत.

तरी 'बहुमत सरकारचं' हा हिशेब फारसा कामाचा नाही. या पंधराही जणांना सरकारच नेमतं, गव्हर्नर धरून. 'स्थानिक मंडळातून' म्हणजे निवडणूक असं समजू नका, तिथेही नामनियुक्तीच.

मुदतीचं म्हणाल तर कायद्यात 'पाच वर्षांपेक्षा जास्त नाही' एवढंच आहे, नेमकी किती ते नेमणुकीच्या वेळी सरकार ठरवतं. संजय मल्होत्रांना डिसेंबर 2024 मध्ये तीन वर्षांसाठी नेमलं. पुनर्नियुक्ती चालते, आणि कलम 11 खाली सरकार गव्हर्नरला काढूही शकतं.

तिमाही: रेपो दराशी मंडळाचा संबंध नाही. 2016 पासून ते काम पतधोरण समितीचं: बँकेचे तीन (गव्हर्नर, पतधोरण सांभाळणारे डेप्युटी गव्हर्नर, मंडळाने नामनिर्देशित केलेला एक अधिकारी) आणि सरकारने नेमलेले तीन बाहेरचे. बाहेरच्यांची मुदत चार वर्षं, पुन्हा नेमणूक नाही.

समितीची गणसंख्या (बैठकीला लागणारे किमान सदस्य) चार आहे. सहज नजरेतून सुटणारी अट, पण घोटाळा तिथेच होतो. 2020 मध्ये पहिल्या तीन बाहेरच्या सदस्यांची मुदत संपली, नवे वेळेत नेमले गेले नाहीत. उरले बँकेचे तिघे, म्हणजे बैठकच होऊ शकत नाही. 29 सप्टेंबरची बैठक पुढे ढकलून 7 ऑक्टोबरला सुरू करावी लागली.

आकडेमोड: मग मंडळ करतं काय? नुसती सही?

फोर्टकर: नाही. कलम 7(2) प्रमाणे बँकेच्या कारभाराची देखरेख मंडळाकडे आहे. वार्षिक हिशेब, सरकारला द्यायचा नफा, राखीव निधी हे तिथेच ठरतं. वर्षात किमान सहा बैठका, तिमाहीत किमान एक. पण 7(3) ने तेच अधिकार गव्हर्नरलाही दिलेत, मंडळाच्या नियमांत वेगळं काही नसेल तर. त्यामुळे रोजच्या निर्णयांसाठी गव्हर्नरला मंडळाकडे जावं लागत नाही. नियम बदलून मंडळ हे अधिकार आवळू शकतं का, हा खरा वादाचा मुद्दा.

2018 मध्ये सरकार आणि बँकेच्या वादात तो ऐरणीवर आला. 7(1) प्रमाणे गव्हर्नरशी विचारविनिमय करून सरकार बँकेला निर्देश देऊ शकतं, त्या कलमाची चर्चा तेव्हाच पेटली. 19 नोव्हेंबरची मंडळाची बैठक सुमारे नऊ तास चालली. राखीव निधी किती असावा हे तज्ज्ञ समितीकडे गेलं (तीच पुढे बिमल जालान समिती), कमकुवत बँकांवरच्या निर्बंधांचा प्रश्न रिझर्व्ह बँकेच्याच वित्तीय पर्यवेक्षण मंडळाकडे. 10 डिसेंबरला तेव्हाचे गव्हर्नर ऊर्जित पटेल यांनी वैयक्तिक कारण देऊन राजीनामा दिला.

तिमाही: परीक्षेत अजून एक हमखास चुकतं: आमदार-खासदार या मंडळावर बसू शकत नाहीत, कलम 11. पर्यायांत 'लोकसभेचा एक प्रतिनिधी' दिसला की तो आधी खोडा.