विषय: दावोसचं शिष्टमंडळ – स्वागत, आणि त्याबरोबर आणखी एक काम

स्वित्झर्लंडमधल्या प्रिय मराठी मंडळी,
जानेवारीत जागतिक आर्थिक मंचाच्या बैठकीसाठी महाराष्ट्र सरकारचं शिष्टमंडळ दावोसला येतंय. नेहमीप्रमाणे झुरिक विमानतळावर स्वागताला जायचं आहे. औक्षणाचं ताट, तिळगूळ, लेझीम कोण आणणार ते रविवारपर्यंत कळवा. नऊवारी नेसणाऱ्यांनी वर जाड कोट घालावा, बाहेर उभं राहावं लागतं.
– सचिव

नमस्कार ताई,
आम्ही दोघं येतो. तिळगूळ आमच्याकडे, दोन किलो. पण एक गोष्ट बरेच दिवस मनात आहे, ती लिहितो.

जानेवारी २०२५ मध्ये दावोसला राज्यानं सुमारे १५.७० लाख कोटी रुपयांचे सामंजस्य करार केले. त्यात ३.०५ लाख कोटी रिलायन्सचे, ३ लाख कोटी जेएसडब्ल्यूचे. मुंबईच्या कंपन्यांशी करार करायला एवढ्या लांब कशाला, असं माझा भाऊ फोनवर विचारत होता. मला त्यात वावगं वाटत नाही, त्यांना लागणारे परदेशी भागीदार तिथेच भेटतात. माझी काळजी पुढची आहे. सामंजस्य करार म्हणजे पसंती आली, इतकंच. याद्या अजून व्हायच्या असतात: भूखंड कुठला, वीज काय दरानं, पाणी किती, प्रोत्साहनाचा परतावा कधी. आणि घाई केली की काय होतं ते दाभोळच्या वीज प्रकल्पात पाहिलंय. जून १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकी कंपनीची माणसं आली, आठवड्याभरात सामंजस्य करार झाला. २००१ मध्ये वीजनिर्मिती बंद पडली.

मी झुरिकजवळ विंटरथूरला ज्या कंपनीत आहे तिथे दोनशे माणसं आहेत, मालकी तिसऱ्या पिढीकडे. सहा वर्षांपूर्वी पुण्याजवळ सुटे भाग बनवायचं घाटत होतं. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं, टेबलावर चाकणचा नकाशा पसरलेला. तीनच प्रश्न: वीज किती वेळा जाते, मोठा ट्रेलर दारापर्यंत वळतो का, टूलरूमची, म्हणजे साचे-हत्यारं बनवणारी, मुलं मिळतील का. मी एका कार्यालयाला लिहिलं. सात आठवडे उत्तर नाही. शेजारच्या राज्यात विचारलं, तर तिथल्या अधिकाऱ्याचा दुसऱ्या दिवशी फोन आला, मोजणीचा नकाशा संध्याकाळपर्यंत मेलवर. कारखाना तिकडे गेला. मला आजही वाईट वाटतं, कारण टूलरूमची मुलं आपल्याकडे नक्कीच चांगली होती.

असे मालक दावोसला जात नाहीत. त्या आठवड्यात तिथल्या प्रॉमेनाड या मुख्य रस्त्यावर दुकानं रिकामी होऊन देशोदेशींची दालनं लागतात. छोट्या कारखानदाराला तिथे ना वेळ, ना परवडत. म्हणून शिष्टमंडळाला विनंती करू या: परतताना एक संध्याकाळ विंटरथूरला द्या. मंत्री नसले तरी चालेल, एमआयडीसीचा भूखंड आणि वीज यांची माहिती असलेला एक अधिकारी हवा. दहा मालक मी गोळा करतो. जर्मन-मराठी दुभाषे आपल्यात भरपूर आहेत.
– विंटरथूर

काका,
पत्र आजच लिहिते, मसुदा तुम्ही बघा. जर्मन बोलणारे म्हणून माझं आणि आमच्या ह्यांचं नाव धरा. एक अट घालू या का? त्या अधिकाऱ्याचा थेट नंबर मालकांना मिळालाच पाहिजे, आणि मार्चमध्ये आपण स्वतः फोन करून विचारायचं, कोणाला उत्तर आलं नाही.
– सचिव

ताई,
घालू या. मार्चचे फोन मी करतो.