मदत हवी आहे: दोन गाण्यांमधली फट कशी घालवायची?
मंडळी, म्यू या डॅनिश रॉक बँडचा २००५ चा ‘अँड द ग्लास हँडेड काइट्स’ हा अल्बम माझा जीव की प्राण. १४ गाणी, पण एकातून दुसरं उमलत जाणारी. ‘स्पेशल’मधून ‘द झूकीपर्स बॉय’ कधी सुरू होतं ते कळतही नाही. खरी मजा त्या जोडातच! सीडीवर हे अखंड वाजतं. एमपीथ्री केल्यावर मात्र मोबाइलवर प्रत्येक गाण्यानंतर क्षणभर शांतता येते आणि तंद्री मोडते. एमपीथ्री करताना फाइलच्या टोकांना थोडी शांतता जोडली जाते, एवढं समजलंय. मग सीडीवरून फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणारा फाइलचा प्रकार) पुन्हा काढू, की सगळ्याची एकच लांब फाइल करू? अँड्रॉइडवर गॅपलेस, म्हणजे मध्ये फट न पाडता, नीट वाजवणारं अ‍ॅप कोणतं? स्वतः वापरलेलं असेल तेच सांगा, प्लीज.