सल्ला हवा: नोकरीच्या जाहिरातींसाठी कंपनीचं पेज कुठे करू? (बजेट ५,०००)

भांडुप_वर्कशॉप:
भांडुप पश्चिमेला आमचं पंप दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. बाबांनी सुरू केलं, आता मी बघते. दोन फिटर, अकाउंट्सला एकजण आणि एक सर्व्हिस इंजिनीअर हवाय. जाहिरात टाकली की फोनवर पहिला प्रश्न, "कंपनी खरी आहे ना?" लोगो, फोटो, माहिती असलेलं नीट पेज हवंय. लिंक्डइन की नौकरी डॉट कॉम? एकूण ५,००० आहेत.

ठाणे_एचआर:
नौकरीचं ब्रँडेड पॅकेज घ्या. आम्ही घेतलं त्या महिन्यापासून रेझ्युमे धो धो. ५,००० मध्ये काही होत नाही, बजेट वाढवा.

गिरगावकर:
फिटर लिंक्डइनवर नसतात हो. वर्कइंडिया नाहीतर अपना ही नोकरीची अ‍ॅप बघा. माझे वेल्डर तिथूनच आले आणि टिकलेत.

परळची_मुलगी:
ताई, पेज कुठेही करा, पण कोणाच्या लॉगिनमधून होतंय ते आधी बघा. माझ्या आधीच्या कंपनीचं पेज एका एजन्सीने आपल्या माणसाच्या खात्यातून केलं होतं. करार संपला, तो फोन उचलेना. पेजवर जुना पत्ता, बंद पडलेला नंबर, आणि बदलायचा अधिकार आमच्यात कोणालाच नाही! लिंक्डइनचं पेज फुकट आहे आणि ते कोणाच्या तरी वैयक्तिक प्रोफाइलवरूनच बनतं. ते तुमच्या प्रोफाइलवरून करा, घरातल्या आणखी एकाला पूर्ण अधिकाराचा सुपर अ‍ॅडमिन करून ठेवा.

दादर_जुना:
बोर्डाचा फोटो टाकाल तर पाटी मराठीत आहे ना बघा. दुकाने-आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर कामगार कितीही असोत, मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत.

गिरगावकर:
काका, तो नियम पाटीला आहे. ऑनलाइन पेजचा काय संबंध?

दादर_जुना:
नियम नसू दे. फिटरला इंग्रजी परिच्छेद वाचायला लावून काय मिळतं? मराठीत चार ओळी लिहायला काय जातं?

कुर्ला_डिझाइन:
लोगो चौकोनात बसणारा घ्या. आडवं लांब नाव त्या छोट्या चौकोनात टाकलं की मोबाइलवर एक अक्षर वाचता येत नाही. आणि इंटरनेटवरचे हेल्मेट घातलेले हसरे गोरे लोक टाकू नका. तुमचा टेस्ट बेंच, उघडलेला पंप, काम करणारी माणसं दाखवा. पत्त्यात नुसतं इंडस्ट्रियल इस्टेट लिहून भागत नाही. स्टेशनपासून चालत किती, शेअर रिक्षा मिळते का, शिफ्ट किती वाजता सुटते, हे लिहा. टिटवाळा-बदलापूरहून येणारा पगाराच्या खालोखाल तेच बघतो. पगारही आकड्यातच लिहा.

ठाणे_एचआर:
म्हणूनच म्हटलं, नौकरी. तिथे जाहिरातीबरोबर अ‍ॅम्बिशनबॉक्सवरचं, कर्मचाऱ्यांनी कंपनीला दिलेलं रेटिंगही दिसतं, दोन्ही साइट इन्फो एज कंपनीच्याच. उमेदवार ते वाचूनच येतो.

गिरगावकर:
लहान वर्कशॉपला कसलं रेटिंग! एका रुसलेल्या माणसाने एक तारा दिला की संपलं.

मुलुंड_पूर्व:
केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल २०१५ पासून आहे, मालकालाही फुकट. कोणी नावच घेत नाही. आणि पेजवर ठळक लिहा, "आम्ही उमेदवाराकडून पैसे घेत नाही." कंपनीच्या नावाने रजिस्ट्रेशन फी उकळणारे सुटलेत.

ठाणे_एचआर:
सरकारी पोर्टलवर चांगला इंजिनीअर मिळत नाही, लिहून घ्या.

भांडुप_वर्कशॉप:
सगळ्यांचे मनापासून आभार. पॅकेज घेत नाही आणि लिंक्डइनही आत्ता नाही. इंजिनीअरसाठी ओळखीतून एक मुलगा येतोय. स्वतःचं डोमेन (वेबसाइटचं नाव) घेते, त्याच नावाचा ईमेल आणि मराठीत एकच पान: फोटो, पगार, स्टेशनपासूनचा रस्ता, पैसे घेत नाही ही ओळ. जाहिरात कुठेही टाकली तरी लिंक तीच देईन. विचारणाऱ्याला दाखवायला आपलं काहीतरी हवं, भाड्याचं नको. उरलेले पैसे फोटोग्राफरला. भांडुप-मुलुंडकडे वर्कशॉपमधले फोटो चांगले काढणारं कोणी आहे का?

ठाणे_एचआर:
एका पानावर कोण येणार? सहा महिन्यांनी नौकरीवरच याल.

परळची_मुलगी:
डोमेनही तुमच्याच ईमेलवर घ्या, वेबसाइटवाल्याच्या नको. फोटोग्राफरचा नंबर मेसेज करते.