सिनेटर झेनोफन: पाण्यासाठी बजेट अडवलं, हे तत्त्व का सौदा? अभिरूप संसदेसाठी मदत पाहिजे

जुळेसोलापूरकर२१:

नमस्कार मंडळी, मी बीएच्या तिसऱ्या वर्षाला आहे, राज्यशास्त्र. पुढच्या महिन्यात कॉलेजात अभिरूप संसद आहे आणि सरांनी ह्यावेळी सांगितलंय की परदेशातल्या वरच्या सभागृहातला एक सदस्य घ्या आणि त्यानं बजेटच्या अन् मतदान पद्धतीच्या चर्चेत काय केलं ते सात मिनिटात मांडा. मी ऑस्ट्रेलियाचा निक झेनोफन घेतलाय, साऊथ ऑस्ट्रेलियाचा अपक्ष सिनेटर, २००८ ते २०१७. घ्यायचं कारण म्हणजे पाणी. फेब्रुवारी २००९ ला मंदी होती, तिथल्या सरकारनं ४,२०० कोटी डॉलरचं पॅकेज आणलं, सिनेटमध्ये मतं पडली ३५-३५, आणि तिकडं समसमान म्हणजे नामंजूर, सभापतीला जादा मत नसतंय. झेनोफन विरोधात होता. मग दुसऱ्या दिवशी मरे-डार्लिंग नदीच्या खोऱ्यासाठी ९० कोटी डॉलर कबूल करून घेतले आणि हाच माणूस बाजूनं! हे वाचून मी खुर्चीतच उडालो, कारण आमच्या सोलापुरात नळाला पाच दिवसाआड पाणी येतंय आणि उजनी धरण भरलं काय न भरलं काय, आम्हाला फरक फक्त बातमीत दिसतो.

आता अडचण अशी की माझा मित्र विरोधी बाकावर आहे आणि तो म्हणतोय हा सरळ सौदा आहे, मत विकलं. आणि २०१६ ला ह्याच माणसानं मतदान पद्धत बदलायच्या बिलाला पाठिंबा दिला ज्यानं छोट्या लोकांचं सिनेटमध्ये येणं अवघड झालं असं विरोधक म्हणत होते. म्हणजे स्वतः वर चढला आणि शिडी काढून घेतली का? मला ती मतपत्रिकेवर १, २, ३ आकडे टाकायची पसंतीची भानगडच नीट कळलेली नाही, सोप्या भाषेत कुणी सांगेल का?

अशोकचौकचे_मास्तर:

बाळा, भानगड काही नाही, तुझ्या घरात कुणी पदवीधर मतदार असेल तर त्याला विचार. आपला जिल्हा पुणे पदवीधर मतदारसंघात येतो. डिसेंबर २०२० ला मी केंद्रावर ड्युटीला होतो, एवढी मोठी मतपत्रिका, जांभळा स्केचपेन द्यायचा आणि मतदारानं नावासमोर १, २, ३ असे आकडे टाकायचे. शिकलेली माणसं ओ, पण पेन हातात धरून विचारायची "सर, बरोबरची खूण करू का?" खूण केली की मत बाद. अक्षरात "एक" लिहिलं तरी बाद. पहिल्या पसंतीत कुणाचा कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, पुरा झाला नाही की खालच्याला बाहेर काढायचं आणि त्याच्या मतपत्रिकेवर पुढची पसंती कुणाला ते बघायचं. सिनेटचं मूळ हेच, फक्त तिथं एका राज्यातून एरवी सहा जागा भरतात म्हणून कोटा १४.३ टक्के.

घोळ कुठं होता ते सांगतो. सिनेटच्या कागदावर आडवी रेष असते. रेषेच्या खाली सगळे उमेदवार, आणि २०१६ च्या आधी खाली मत द्यायचं तर जवळजवळ सगळ्यांना आकडे द्यावे लागायचे. २०१३ ला न्यू साऊथ वेल्समध्ये ११० उमेदवार होते, कागद मीटरभर लांब आणि अक्षर इतकं बारीक की केंद्रावर भिंगं ठेवली होती. एवढं कोण करणार? लोक रेषेच्या वर पक्षासमोर १ टाकून मोकळे. पण मग पुढच्या पसंत्या कुणाच्या? पक्षानं आयोगाकडं आधीच देऊन ठेवलेल्या यादीच्या. म्हणजे मत तुझं, दोन नंबर त्यांचा. लहान लहान पक्ष आपसात याद्या जुळवून ठेवायचे. त्याच वर्षी व्हिक्टोरियातून गाडीप्रेमींच्या पक्षाचे रिकी म्युर ०.५१ टक्के पहिल्या पसंतीवर सहा वर्षांसाठी सिनेटर झाले. २०१६ चं बिल पास झाल्यावर रेषेच्या वर किमान सहा नाहीतर खाली किमान बारा आकडे मतदारानं स्वतः टाकायचे, पक्षाची यादी गेली. मला विचारशील तर शिडी नाही काढली, चोरदरवाजा बुजवला.

चादरवाला:

मास्तर तुमचा मान ठेवून बोलतो पण हे फार गोड चित्र झालं. झेनोफन साहेब स्वतः १९९७ ला राज्याच्या वरच्या सभागृहात २.८६ टक्क्यावर निवडून आलेले की, जुगाराच्या मशीनविरुद्ध लढतो म्हणून, बाकीची मतं दुसऱ्यांच्या पसंतीची. तो दरवाजा तेव्हा चालला ना? आणि बदलावंसं कधी वाटलं तर २०१३ नंतर. त्यावर्षी त्याच्या गटाला राज्यात जवळपास २५ टक्के मतं, म्हणजे पावणेदोन कोटे, तरी त्याचा दुसरा माणूस बाहेर आणि ३.८ टक्केवाला बॉब डे पसंतीच्या जोरावर आत. पोट दुखणारच. बाय द वे हाच बॉब डे २०१६ ला नव्या कायद्याविरुद्ध हायकोर्टात गेला, तिकडं हायकोर्ट म्हणजे आपलं सुप्रीम कोर्ट, आणि हरला.

आणि लहान माणसाला आत येऊच द्यायचं नाही काय? आपल्याच गावात बघा की, आपले माजी आमदार आडम मास्तर, त्यांचा पक्ष (माकप) विधानसभेत एका हाताच्या बोटावर मोजण्याइतका, पण विडी कामगारांची १० हजार घरं कुंभारीच्या माळावर उभी राहिलीच ना. मोठ्या पक्षाच्या मागच्या बाकावरच्याला जमलं असतं का हे.

अशोकचौकचे_मास्तर:

@चादरवाला उदाहरण भारी पण तुमच्याच विरुद्ध जातंय मालक. आडम मास्तरांना लोकांनी नाव बघून, चिन्ह बघून, हजारोंनी मतं दिली. अर्ध्या टक्क्यावर दुसऱ्याच्या यादीतनं नाही आले ते.

नवीपेठ_ते_ॲडलेड:

मी मूळची सोलापूरच्या नवी पेठेतली, चौदा वर्षं झाली इथं साऊथ ऑस्ट्रेलियात ॲडलेडला, नागरिकत्व घेतलंय म्हणून मत देते. इथं मत देणं सक्तीचं आहे, नाही दिलं तर २० डॉलर दंड, त्यामुळे माझ्या सासूबाई इकडं राहायला आल्या तेव्हा त्यांना वाटलं लोक दंडाच्या भीतीनं रांगेत उभे आहेत, खरं तर अर्धे लोक केंद्राबाहेर भाजत असलेल्या सॉसेजसाठी खुश असतात. आम्ही शाकाहारी, नुसता पाव-कांदा खाऊन येतो.

पाण्याचं सांगते कारण ते इथं राहिल्याशिवाय कळत नाही. आमचं राज्य म्हणजे मरे नदीचं शेवटचं टोक. वर न्यू साऊथ वेल्स आणि व्हिक्टोरिया, त्यांचा कापूस त्यांचा भात पिऊन उरलं तर आम्हाला. त्या मोठ्या दुष्काळात नदी समुद्राला मिळते तिथं पाण्याला जोरच नव्हता, मुख बुजू नये म्हणून ड्रेजर लावून वाळू काढत होते. आता सांगा अशा राज्याचा सिनेटर पाण्यावर नाही बोलणार तर कशावर? सिनेट बनवलीच त्यासाठी, राज्य लहान असो मोठं असो, सिनेटर बाराच. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे भाषणात घाल, त्या ९० कोटीतला बराचसा पैसा नवा नव्हता, पुढच्या वर्षांसाठी ठरलेला अलीकडं ओढलेला होता. तुझा मित्र ते काढणारच, त्याच्या आधी तूच काढ.

आणि झेनोफन नाटक्या होताच हं, २०१६ च्या मार्चमध्ये बिलावर सिनेट रात्रभर चालणार म्हणून हा गडी पायजम्यात आला होता. दुसऱ्या दिवशी बिल पास झालं. तेव्हा विरोधात असलेल्या लेबर पक्षानं तासन्‌तास अडवून धरलं होतं, खरं तर २०१४ च्या समितीत त्यांचे सदस्य बदलाच्याच बाजूचे होते.

जुळेसोलापूरकर२१:

ताई, मास्तर, चादरवाले काका, खूप थँक्यू. रात्री परत सगळं वाचलं. एक शंका, आपला राज्यसभेचा खासदार असं करू शकतो का, उजनीसाठी बजेट अडवून धरलं वगैरे?

अशोकचौकचे_मास्तर:

नाही. कलम १०९ वाच. धन विधेयक राज्यसभेनं १४ दिवसात शिफारशींसह परत करायचं, नाही केलं तरी पास झालं असंच धरतात, आणि शिफारस मानायची का नाही ते लोकसभेच्या हातात. अनुदानाच्या मागण्यांवर मत फक्त लोकसभेत. राज्यसभेत बजेटवर चर्चा भरपूर, हातात काही नाही. वर १९८५ पासून पक्षांतरबंदी, व्हीप म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश मोडला तर खासदारकीच जाते. तिकडं सिनेटला पैशाच्या बिलात थेट दुरुस्ती करता येत नाही पण नामंजूर करता येतं, आणि हा अधिकार कागदी नाही. १९७५ ला सिनेटनं सरकारचा पैसाच अडवून धरला आणि ११ नोव्हेंबरला गव्हर्नर जनरलनं पंतप्रधान व्हिटलमना घरी पाठवलं. नंतर २०१४ च्या बजेटमध्ये डॉक्टरकडं गेलं की ७ डॉलर भरायची योजना होती, सिनेटमध्ये आकडे जुळेनात आणि पुढच्या वर्षी सरकारनं ती गुंडाळली, विरोध करणाऱ्यांत झेनोफनही होता. आणि बजेटनंतर सिनेटच्या समित्या खात्याच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून खर्चाचा हिशोब विचारतात, तेही टीव्हीवर. हे आपल्याकडं आलं तर मी रिटायरमेंट सोडून बघायला येईन.

चादरवाला:

हेच म्हणतोय मास्तर! एक मत अडलं म्हणून ९० कोटी मिळतात तर उद्या दुसऱ्या राज्याचा एकटा उठून धरणाची उंची मागेल. २०२१ ला उजनीचं ५ टीएमसी इंदापूरला न्यायचा आदेश निघाला तेव्हा कुठल्या एका खासदारानं नाही, जिल्ह्यानं रस्त्यावर येऊन तो रद्द करायला लावला. मला तो रस्ता जास्त बरा वाटतो.

नवीपेठ_ते_ॲडलेड:

काका, रस्त्यावर येऊन आदेश रद्द होतो, पैसा येत नाही. इंदापूरला पाणी गेलं नाही हे खरं, पण तुमच्या नळाला चार दिवसाआड झालं का पाचाचं?

चादरवाला:

सहा 😑

जुळेसोलापूरकर२१:

मग ठरलं, मी सुरुवातच ह्यानं करतो. "सभापती महोदय, माझ्या राज्यात नदी सगळ्यात शेवटी पोचते." शिडीच्या मुद्द्यावर मित्रानं धरलं तर २.८६ आणि २५ दोन्ही आकडे मीच सांगणार, लपवणार नाही, आणि मग म्हणणार की ज्या दारानं मी आत आलो त्याच दारात माझी पुढची मतं अडकली तेव्हा मला दार कळलं. कसं वाटतंय मास्तर? आणि पायजमा घालून आलो तर सर मार्क कापतील का 😄

अशोकचौकचे_मास्तर:

वाक्य चांगलंय, थोडं हळू बोल. पायजमा नको, कॉलेजच्या गेटवरच अडवतील.